साध्या विद्युत परिपथातील विभवांतर, विद्युतधारा आणि रोध कसे काढावेत

ओहमचा नियम शाळेतच शिकवला जातो आणि बहुतेकांना तो पाठही असतो, तरीही दोन-तीन रोधक जोडलेला परिपथ समोर आला की उत्तर चुकते. ही चूक सहसा गुणाकार-भागाकाराची नसते. सूत्रातले विभवांतर नेमके कोणत्या दोन बिंदूंमधले आहे, हे न ठरवता बॅटरीवर लिहिलेला आकडा जिथे तिथे घातला जातो आणि तिथून पुढचे सगळे गणित बिघडते. म्हणून या लेखात सूत्रांपेक्षा अधिक भर एकाच सवयीवर दिला आहे: आधी रोधक निवडायचा, मग फक्त त्याच रोधकाच्या दोन टोकांमधले विभवांतर आणि फक्त त्याच रोधकातून जाणारी धारा शोधायची, आणि त्यानंतरच सूत्राला हात लावायचा.

तीन राशी आणि एक नियम

विभवांतर, ज्याला आपण रोज व्होल्टेज म्हणतो, ते नेहमी दोन बिंदूंमध्ये असते. ‘या बिंदूचे व्होल्टेज किती?’ या प्रश्नाला दुसरा बिंदू गृहीत धरल्याशिवाय अर्थ नसतो. हा दुसरा बिंदू बहुधा बॅटरीचे ऋण टोक असतो. विद्युतधारा मात्र एखाद्या तारेतून किंवा रोधकातून जाते, आणि वाट जिथे फुटत नाही तिथे ती सगळीकडे सारखीच असते. रोध हा त्या वस्तूचा गुणधर्म आहे. वस्तूची लांबी, जाडी, पदार्थ आणि तापमान यांवर तो अवलंबून असतो. या तिघांचे नाते असे:

विभवांतर = विद्युतधारा × रोध

यावरून विद्युतधारा = विभवांतर ÷ रोध, आणि रोध = विभवांतर ÷ विद्युतधारा. विभवांतर व्होल्टमध्ये, धारा अँपिअरमध्ये आणि रोध ओहममध्ये असेल तरच उत्तर बरोबर येते. इलेक्ट्रॉनिक परिपथांत धारा सहसा मिलिअँपिअरमध्ये आणि रोध किलोओहममध्ये दिलेला असतो, त्यामुळे २० मिलिअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर आणि ४.७ किलोओहम म्हणजे ४७०० ओहम हे रूपांतर सूत्रात आकडे घालण्याआधी करून घ्यावे. एक सोय मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे: व्होल्टला किलोओहमने भागले तर उत्तर थेट मिलिअँपिअरमध्ये मिळते, आणि रोजच्या कामात हीच पद्धत जास्त हाताशी येते.

याच्या जोडीला शक्तीचे सूत्र लागते. शक्ती = विभवांतर × विद्युतधारा, आणि तिचे एकक वॅट. घरातल्या उपकरणांवर रोध कधीच छापलेला नसतो, वॅट आणि व्होल्ट छापलेले असतात. त्यामुळे रोध काढायचा तर विभवांतराच्या वर्गाला शक्तीने भागावे. २३० व्होल्टच्या, १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध ५२९०० ÷ १००० म्हणजे ५२.९ ओहम येतो आणि तिच्यातून सुमारे ४.३५ अँपिअर धारा जाते. घरातला पुरवठा प्रत्यावर्ती (एसी) असला तरी इस्त्री, गिझर, पाणी तापवायचा रॉड अशा निव्वळ तापणाऱ्या उपकरणांना हीच सूत्रे लागू पडतात. पंखा, पंप, मिक्सर यांच्या मोटरींना ती अशी सरळ लावता येत नाहीत.

एकसर जोडणी

रोधक एकापाठोपाठ जोडले आणि मध्ये कुठेही वाट फुटत नसेल, तर ती एकसर जोडणी. येथे सर्व रोधकांतून एकच धारा जाते, एकूण रोध म्हणजे सर्व रोधांची बेरीज असते, आणि बॅटरीचे विभवांतर रोधांच्या प्रमाणात वाटले जाते.

९ व्होल्टच्या बॅटरीला १५० ओहम आणि ३०० ओहम असे दोन रोधक एकसर जोडले आहेत असे समजू. १५० ओहमच्या रोधकातून किती धारा जाईल? घाईत असलेला विद्यार्थी ९ ला १५० ने भागतो आणि ६० मिलिअँपिअर असे उत्तर लिहितो. हे उत्तर चूक आहे, कारण ९ व्होल्ट हे त्या रोधकाच्या टोकांमधले विभवांतर नाहीच. ते दोन्ही रोधक मिळून झालेल्या जोडीच्या टोकांमधले आहे. जोडीचा रोध ४५० ओहम आहे, म्हणून

विद्युतधारा = ९ ÷ ४५० = ०.०२ अँपिअर, म्हणजे २० मिलिअँपिअर.

आता ही धारा प्रत्येक रोधकाला स्वतंत्रपणे लावायची. १५० ओहमवर ०.०२ × १५० = ३ व्होल्ट आणि ३०० ओहमवर ०.०२ × ३०० = ६ व्होल्ट. दोहोंची बेरीज ९ व्होल्ट येते. ती आली नसती तर कुठेतरी चुकले आहे हे लगेच कळले असते. ही बेरीज करून पाहण्याचा कंटाळा करू नये.

दिवाळीत लावल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या दिव्यांच्या माळेत हेच गणित प्रत्यक्ष दिसते. तारेच्या फिलामेंटचे ४० बारीक दिवे एकसर जोडून माळ थेट २३० व्होल्टला लावली, तर प्रत्येक दिव्याच्या वाट्याला २३० ÷ ४० म्हणजे ५.७५ व्होल्ट येतात. एक दिवा गेला की सगळी माळ विझते हे सर्वांना माहीत आहे. त्या वेळी विभवांतराचे काय होते, याकडे मात्र क्वचितच कोणी लक्ष देते. धारा शून्य झाली, म्हणून शाबूत असलेल्या ३९ दिव्यांपैकी प्रत्येकावरचे विभवांतर ० × रोध म्हणजे शून्य होते. पण पुरवठ्याचे २३० व्होल्ट कुठे तरी असलेच पाहिजेत, आणि ते सगळेच्या सगळे त्या गेलेल्या दिव्याच्या दोन टोकांमध्ये एकवटतात. चालू माळेत ५.७५ व्होल्ट असलेल्या त्याच जागी आता पूर्ण २३० व्होल्ट असतात. पिन काढल्याशिवाय गेलेला दिवा उपसायचा नाही, या जुन्या सूचनेमागे हे साधे गणित आहे.

याच माळेत गेलेला दिवा काढून दोन तारा सरळ जोडून टाकण्याची प्रथाही आहे. एका दिव्याने फारसे बिघडत नाही, कारण २३० ÷ ३९ म्हणजे ५.९ व्होल्ट होतात. मात्र असे करत करत ३० दिवे उरले की प्रत्येकावर ७.६७ व्होल्ट येतात. दिवे जास्त उजळतात, जास्त तापतात आणि पुढचे दिवे भराभर जाऊ लागतात.

समांतर जोडणी

सर्व रोधकांची दोन्ही टोके त्याच दोन बिंदूंना जोडलेली असतील तर जोडणी समांतर असते. येथे विभवांतर सर्वांना सारखे मिळते आणि धारा वाटली जाते. एकूण रोधाचा व्यस्त हा प्रत्येक रोधाच्या व्यस्तांच्या बेरजेइतका असतो. रोधक दोनच असतील तर गुणाकाराला बेरजेने भागले तरी चालते. हा सोपा मार्ग तीन रोधकांना एकदम लावता येत नाही, आधी दोघांचा काढून मग तिसरा घ्यावा लागतो. उत्तर तपासण्याची खूण अशी की समांतर जोडणीचा रोध त्यातल्या सर्वांत लहान रोधापेक्षा नेहमी कमीच येतो.

घरातली सर्व जोडणी समांतरच असते, आणि तिथे तर एकूण रोध काढण्याची गरजही पडत नाही. प्रत्येकाची धारा वेगळी काढून बेरीज केली की झाले. मघाची १००० वॅटची इस्त्री आणि १५०० वॅटचा रॉड एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावले, तर इस्त्रीची ४.३५ आणि रॉडची ६.५२ मिळून सुमारे १०.८७ अँपिअर धारा बोर्डाच्या तारेतून जाते. तो बोर्ड ६ अँपिअरच्या सॉकेटला लावलेला असेल, तर तारेवर जवळजवळ दुप्पट भार पडतो. २३० व्होल्टवर ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट, म्हणजे एकटा रॉडसुद्धा त्या सॉकेटला जास्त आहे. असा रॉड १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा.

मिश्र जोडणी: आधी मिटवत जायचे, मग उलगडत यायचे

१२ व्होल्टची बॅटरी घ्या. तिच्या धन टोकाला ‘क’ हा ४ ओहमचा रोधक जोडा. त्याच्यापुढे वाट फुटते: एका वाटेत ‘ख’ हा ६ ओहमचा आणि दुसऱ्या वाटेत ‘ग’ हा १२ ओहमचा रोधक आहे. दोन्ही वाटा पुन्हा एकत्र येऊन ऋण टोकाला मिळतात. हा परिपथ कागदावर काढून घ्यावा आणि प्रत्येक सांध्याला नाव द्यावे, कारण कोण कोणाला समांतर आहे हे रोधकांच्या मांडणीवरून नव्हे, तर ते कोणत्या सांध्यांमध्ये आहेत यावरून ठरते. आकृतीत शेजारी शेजारी काढलेले रोधक समांतर असतीलच असे नाही.

‘ख’ आणि ‘ग’ ही समांतर जोडी आहे. तिचा रोध (६ × १२) ÷ (६ + १२) = ७२ ÷ १८ = ४ ओहम. तो ६ पेक्षा कमी आहे, म्हणजे खूण जुळते. आता परिपथ इतकाच उरला: ४ ओहम आणि ४ ओहम एकसर, एकूण ८ ओहम. बॅटरीतून निघणारी धारा १२ ÷ ८ = १.५ अँपिअर.

येथे अनेकजण थांबतात, पण खरे काम इथून पुढे सुरू होते. ज्या क्रमाने रोधक मिटवत आलो, त्याच्या उलट क्रमाने आता उलगडत जायचे. ‘क’ मधून पूर्ण १.५ अँपिअर जातात, म्हणून त्याच्यावर १.५ × ४ = ६ व्होल्ट. उरलेले ६ व्होल्ट ‘ख’ आणि ‘ग’ या दोघांवरही सारखेच आहेत. ‘ख’ मधून ६ ÷ ६ = १ अँपिअर आणि ‘ग’ मधून ६ ÷ १२ = ०.५ अँपिअर. सांध्यात १.५ अँपिअर शिरले आणि १ + ०.५ बाहेर पडले. सांध्यात येणारी आणि जाणारी धारा सारखी, तसेच बंद फेरीतल्या विभवांतरांचा हिशेब शून्य, हे दोन नियम गुस्टाव्ह किर्खहॉफ यांनी १८४५ मध्ये, विद्यार्थिदशेत असताना मांडले. साध्या परिपथात ते सोडवण्यापेक्षा तपासण्यासाठी अधिक उपयोगी पडतात.

त्याहून कडक तपासणी शक्तीची आहे. बॅटरी १२ × १.५ = १८ वॅट देते. ‘क’ ६ × १.५ = ९ वॅट, ‘ख’ ६ × १ = ६ वॅट, ‘ग’ ६ × ०.५ = ३ वॅट घेतो. एकूण १८. विभवांतर आणि धारा या दोन्हींपैकी कशातही चूक असेल तर ही बेरीज सहसा जुळत नाही, म्हणून परीक्षेत वेळ कमी असला तरी ही एक तपासणी करावी.

एलईडीसाठी रोधक निवडणे

एलईडीला ओहमचा नियम थेट लावता येत नाही. तिच्यावरचे विभवांतर धारा बदलली तरी फारसे हलत नाही. लाल एलईडीवर ते सुमारे २ व्होल्ट, पांढऱ्यावर सुमारे ३ व्होल्ट असते. म्हणून तिच्याबरोबर एकसर रोधक लावायचा आणि नियम त्या रोधकाला लावायचा. १२ व्होल्टवर एक लाल एलईडी २० मिलिअँपिअरने चालवायची असेल, तर रोधकावर १२ − २ = १० व्होल्ट पडतील आणि रोध १० ÷ ०.०२ = ५०० ओहम हवा.

बाजारात सहज मिळणाऱ्या किमती ४७० आणि ५६० ओहम. येथे मोठी किंमत घ्यावी. ५६० ओहमने धारा १७.९ मिलिअँपिअर होईल, उजेडातला फरक डोळ्याला जाणवणारही नाही. आता रोधकाची शक्ती: १० × ०.०१७९ म्हणजे सुमारे ०.१८ वॅट. पाव वॅटचा रोधक चालतो, पण बराच तापेल. अर्ध्या वॅटचा घेणे शहाणपणाचे. त्याऐवजी तीन लाल एलईडी एकसर जोडल्या तर रोधकावर ६ व्होल्टच उरतात, ३०० ओहम लागतात, ३३० ओहमचा रोधक घेतला की काम होते आणि रोधकात फक्त ०.११ वॅट वाया जातात. तिप्पट उजेड, आणि तोही तितक्याच धारेत!

बॅटरी आणि तारा यांचा स्वतःचा रोध

पुस्तकातल्या उदाहरणांत बॅटरी आणि तारा यांना रोध नसतो, प्रत्यक्षात असतो. चार सेलच्या संचावर काहीही न जोडता ६ व्होल्ट मोजले आणि दिवा लावल्यावर ५.४ व्होल्ट दिसले, तर गेलेले ०.६ व्होल्ट सेलच्या आतल्या रोधावर पडले आहेत. त्या वेळी धारा ०.६ अँपिअर असेल, तर आतला रोध ०.६ ÷ ०.६ = १ ओहम. सेल जुना होतो तसा हा रोध वाढतो. म्हणूनच उतरलेला सेल नुसता मोजला तर बरा वाटतो आणि भार दिला की बसतो. गेऑर्ग सिमॉन ओहम यांनाही तेव्हाच्या बॅटऱ्यांच्या अशाच बदलत्या व्होल्टेजचा त्रास झाला होता. त्यांनी बॅटरी सोडून बिस्मथ आणि तांबे यांच्या जोडातून मिळणारा पुरवठा वापरला, ज्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात असे. त्या स्थिर पुरवठ्यामुळे मोजमापे जुळली आणि १८२७ मध्ये त्यांनी आपला नियम ग्रंथरूपाने मांडला.

तारेच्या रोधाचे गणित तर घर बांधणाऱ्या प्रत्येकाने करावे असे आहे. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला जास्तीत जास्त १२.१ ओहम धरतात, ४ चौरस मिलिमीटरचा ४.६१ ओहम. घरापासून ८० मीटरवरच्या शेतातल्या खोलीत २००० वॅटचा गिझर लावायचा आहे. धारा जाते आणि परतही येते, म्हणून तारेची लांबी १६० मीटर धरायची. येथे हमखास विसर पडतो. १.५ च्या तारेचा रोध ०.१६ × १२.१ = १.९४ ओहम, गिझरचा ५२९०० ÷ २००० = २६.४५ ओहम, आणि दोन्ही एकसर. धारा २३० ÷ २८.३९ = ८.१ अँपिअर. तारेवर सुमारे १५.७ व्होल्ट पडतात आणि गिझरला २१४.३ व्होल्टच पोचतात. गिझर २००० ऐवजी सुमारे १७३६ वॅट घेतो, आणि १२७ वॅट नुसते तार तापवण्यात जातात. ४ चौरस मिलिमीटरची तार टाकली तर तिचा रोध ०.७४ ओहम होतो आणि पडणारे विभवांतर सुमारे ६.२ व्होल्टवर येते. तारेचा खर्च एकदाच होतो, वाया जाणारी वीज गिझर लावाल तेव्हा प्रत्येक वेळी जाते.

मोजून पाहताना

हिशेब केलेला परिपथ सेलवर जोडून मल्टिमीटरने मोजून पाहावा. घरातल्या २३० व्होल्टवर असे प्रयोग मुळीच करू नयेत. विभवांतर मोजताना मीटरची टोके रोधकाच्या दोन बाजूंना लावायची, परिपथ तोडायचा नाही. धारा मोजताना परिपथ एका जागी तोडून मीटर मध्ये घालायचा. धारेच्या खटक्यावर असलेला मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावला तर जवळजवळ शून्य रोधाने बॅटरी जोडल्यासारखे होते आणि मीटरचा फ्यूज उडतो. रोध मोजताना पुरवठा बंद हवा आणि रोधकाचे निदान एक टोक सुटे हवे, नाहीतर त्याला समांतर असलेले बाकीचे रोधकही मोजमापात येतात.

फिलामेंटचा दिवा थंड असताना मोजला तर आकडा पाहून गोंधळ उडतो. ६० वॅटच्या दिव्याचा रोध हिशेबाने ५२९०० ÷ ६० म्हणजे ८८२ ओहम येतो, पण मीटर त्याच्या सुमारे दहाव्या ते पंधराव्या हिश्श्याइतकाच दाखवतो. दोन्ही आकडे खरे आहेत: एक तापून लालबुंद झालेल्या टंगस्टनचा, दुसरा खोलीच्या तापमानाचा.

मीटर स्वतःही परिपथाचा भाग होतो, हे मोठ्या रोधांच्या वेळी ध्यानात ठेवावे. नेहमीच्या डिजिटल मीटरचा व्होल्टच्या खटक्यावरचा रोध सुमारे १० मेगाओहम असतो. ९ व्होल्टवर १० मेगाओहमचे दोन रोधक एकसर जोडले तर प्रत्येकावर ४.५ व्होल्ट यायला हवेत. एकावर मीटर लावला की तो रोधक आणि मीटर समांतर होऊन ५ मेगाओहम होतात, आणि मीटर ९ × ५ ÷ १५ म्हणजे ३ व्होल्ट दाखवतो. हिशेब आणि मीटर दोन्ही बरोबर असतात, मोजायच्या क्षणी परिपथच बदललेला असतो. शंभर-दोनशे ओहमच्या परिपथात हा परिणाम नगण्य असतो. तिथे फरक दिसलाच तर तो रोधकाच्या टॉलरन्सचा, म्हणजे छापील ओहमपेक्षा थोडे कमी-जास्त निघण्याच्या मुभेचा असतो. सोनेरी पट्टीच्या रोधकाला दोन्ही बाजूंना ५ टक्के मुभा असते, म्हणून ४७० ओहमचा रोधक ४४६.५ ते ४९३.५ ओहमच्या दरम्यान कुठेही निघू शकतो. फरक याहून मोठा असेल, तर आधी सेल भाराखाली मोजावा आणि मग जोडणीचे सांधे तपासावेत.